दुकान दिलं, पाटी नाही
मंगळवारी सकाळी दहाला माझे पती दुकानात गेले. साडेअकराला शेजारच्या दुकानदाराचा फोन आला. मी रुग्णालयात पोचले तेव्हा हे गेलेले होते. दुकानाला कुलूप नंतर मी लावलं.

दुकान बुधवार पेठेत, एका बोळाच्या तोंडाशी होतं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर थांबावं लागे. हे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, पुढे टीव्हीही. पाटीवर आमचं आडनाव होतं आणि खाली ‘दुरुस्ती’ एवढा एकच शब्द. मी शाळेत मराठी शिकवायची. शाळा सुटली की दुकानात येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर वह्या तपासत बसायची. तिथलं एक काम माझ्याकडे होतं, कारण ह्यांचं अक्षर ह्यांनाही लागत नसे.

ह्यांची रीत अशी होती की यंत्रातून जो भाग काढला तो गिऱ्हाइकाला परत द्यायचा. खाकी पाकिटात घालायचा आणि वर भागाचं नाव आणि तो का बदलला ते लिहायचं. ते मी लिहायची. बहुतेक लोक पाकीट न उघडताच टाकून देत. मी एकदा विचारलं की एवढा प्रामाणिकपणा कोण बघतंय?

“प्रामाणिकपणा कसला? उगाच वाद नको,” हे म्हणाले.

त्या दिवसांत मी व्यापार आणि नीती या विषयावरचं एक जाड पुस्तक वाचत होते. त्यात ‘वाद नको’ हे कारण कुठेच नव्हतं.

मग एकदा सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांचा रेडिओ आला. कंडेन्सर बदलायचा होता. जुना काढून टेबलावर ठेवलेला, शेजारी नवा. मी एका मुलीचा निबंध ह्यांना वाचून दाखवत होते आणि हे हसत होते. हसता हसता ह्यांनी एक जोडला आणि दुसरा माझ्या हातात दिला. मी तो पाकिटात घातला आणि वर वळणदार अक्षरात लिहिलं, ‘खराब कंडेन्सर’.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ह्यांनी कप खाली ठेवला.

“काल पाकिटात घातलास, त्याच्या तारा लांब होत्या का गं?”

लांब होत्या. नव्या भागाच्या तारा लांब असतात, जोडल्यावर त्या कापतात. ह्यांनी जुनाच परत जोडला होता आणि नवा पाकिटात गेला होता.

गृहस्थ आदल्या संध्याकाळीच रेडिओ घेऊन गेले होते. आम्ही दोघं हत्यारांची पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेलो. रेडिओवर बातम्या चालू होत्या. गृहस्थ म्हणाले, चालतोय की व्यवस्थित.

“आज चालतोय,” हे म्हणाले.

“मला कळलंही नसतं.”

“म्हणूनच आलो.”

पाकीट रेडिओवर तसंच होतं. ह्यांचं काम चालू असताना गृहस्थांनी ते हातात घेऊन निरखलं आणि मला म्हणाले, “अक्षर छान आहे हो तुमचं. मजकूर खोटा असला तरी.” परत येताना हे बोलले. त्यांना आतलं दिसत नाही आणि आपल्याला दिसतं, आपला सगळा धंदा एवढ्यावरच उभा आहे, असं काहीसं. एवढं लांब वाक्य हे सहसा बोलत नसत.

हे गेल्यानंतर महिन्याभराने शेजारचा दुकानदार घरी आला. त्या दिवशी ह्यांना उचलून रिक्षात घालणारा हाच. मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकतो. त्याला दुकान हवं होतं, आणि पाटीसुद्धा. पाटीचे तो वेगळे पैसे देणार होता. बँक, रुग्णालय, महापालिका, त्या महिन्यात समोर येईल त्या कागदावर मी सही करत होते. याही कागदावर केली असती. फक्त विचारलं की पाटी कशाला हवी?

“लोक त्या नावावर येतात, काकू. एकदा आत आले की मी बघून घेईन.”

“दुरुस्ती कराल?”

तो हो म्हणाला असता तर माझं समाधान झालं असतं. तपासायला मी कुठे जाणार होते?

“तुमच्याशी खोटं कशाला बोलू? दुरुस्ती परवडत नाही आता. नवीनच घ्या म्हणून सांगणार.”

मी त्याला चहा दिला. तो खरं बोलला होता, आणि आता मला ठरवणं भाग होतं. ते नाव वाचून लोक आत जातील, कोणीतरी आपल्यासाठी आत उघडून बघेल म्हणून. आणि तिथे उघडणारं कोणी नसेल.

“दुकान तुम्हीच घ्या,” मी म्हणाले. “पाटी मी नेते.”

“पैसे तर पाटीचेच जास्त होते, काकू. घरी लावणार का?”

“नाही.”

त्याने वाद घातला नाही. पाटी स्वतः उतरवून दिली.

आता तिथे त्याच्या नावाची पाटी आहे. कोणी रेडिओ घेऊन आलंच तर तो सांगतो की ते वारले, इथे दुरुस्ती होत नाही. आमची पाटी माझ्या पलंगाखाली आहे. केर काढताना ती सरकवावी लागते.