तोझाची टाकी आणि आरपार वारा

तोझा चुर्चिनच्या घरात त्या उन्हाळ्यात एक काचेची टाकी आली आणि सोंबोरमधल्या आमच्या अख्ख्या इमारतीला फुकटची करमणूक मिळाली. तोझाचा मात्र जीव मेटाकुटीला आला.

तोझा बेकरीची गाडी चालवतो. अठ्ठावन्न वर्षांचा, पोट पुढे आणि मिश्या पोटाच्याही पुढे. पहाटे पाव भरून निघतो तो दुपारी परततो. हौशी माणूस, पण हौसेला यश नाही. मधमाश्या पाळल्या, तर त्यांनी वरच्या मजल्यावरच्या धुराड्यात बिऱ्हाड केलं. कॅनरी आणली, ती मुकी निघाली. त्याची बायको देसांका म्हणते, "ह्याच्या हाताला गुण नाही, ते एक वेळ चालेल. पण ते हात गप्प बसत नाहीत ना."

आता हे न्यूटचं खूळ. अपातिनला पेर्सिदाबाईंचं वाणसामानाचं दुकान आहे, तिथे तोझा पाव टाकतो. एकदा क्रेट ठेवायला तळघरात उतरला तर तिथे काचेच्या टाक्यांची रांग. पाण्यात पालीच्या अंगाचे, पण बेडकाच्या गोतातले काळे जीव, म्हणजेच न्यूट, आणि पोट पिकल्या मिरचीसारखं लालभडक. एकाने चार बोटांचा पंजा काचेवर टेकवला आणि तोझाकडे टक लावून बघत राहिला. संपलं. लग्नाच्या वेळी देसांकाकडे बघून तो इतका विरघळला नव्हता, असं देसांकाच सांगते.

पेर्सिदाबाई त्या पिल्लांना पोटच्या पोरांसारखं जपतात. म्हणाल्या, "चार देईन. पण पाणी वीस अंशांच्या वर गेलं की ही जगत नाहीत. मागे एका दातांच्या डॉक्टरला दिली, त्याने आठवड्यात सूप केलं. रविवारी मी स्वतः येऊन पाणी मोजणार. गार असेल तर पिल्लं तुझी. नसेल तर नोवी सादचा एक जण कधीचा थांबलाय."

"गारच असेल, पेर्सिदाबाई," तोझा म्हणाला. ऑगस्ट महिना, आणि त्याची बैठकीची खोली पश्चिमेची. पण प्रेमात पडलेल्या माणसाला दिशा कुठे कळतात?

टाकी आली. तोझाने तळाशी वाळू घातली, पाणी ओतलं, सगळं डाळीच्या आमटीसारखं गढूळ झालं. उपसलं, वाळू सात पाण्यांतून धुतली, पुन्हा भरलं. मग फिल्टर लावला. त्याची धार इतकी जोरात, की रोवलेली पाणवनस्पती उपटून गरगर फिरायला लागली. न्यूटना संथ पाणी लागतं. तोझाने फिल्टरच्या तोंडावर स्पंज बांधला, तो सुटला. पुन्हा बांधला. बूच-झाडाच्या सालीचा एक तुकडा तरंगत सोडला, न्यूटना पाण्याबाहेर येऊन बसायला. हे प्राणी काच चढून पळतात म्हणून वर जाळीचं घट्ट झाकण केलं. एवढं सगळं जमलं, आणि मग त्याने थर्मामीटर बुडवला. सव्वीस.

गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकीत सोडायचं ठरवलं. त्यासाठी फ्रीझरमधल्या देसांकाच्या आंबट चेरी बाहेर काढल्या. त्यावरून जे झालं ते वरच्या मजल्यापर्यंत शब्दन् शब्द ऐकू आलं. एक बाटली कशीबशी गोठली, तर ती सासूबाईंनी उचलून न्हाणीघरातल्या टबात कलिंगडाशेजारी ठेवली.

सासूबाई म्हणजे देसांकाची आई, झागोर्का आजी. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, काळी ओढणी, आणि कान असे की रस्त्यापलीकडे कुणी कुजबुजलं तरी इथून उत्तर देतील.

शेवटी तोझाला उपाय सापडला. पाण्यावरून वारा वाहिला की पाणी गार होतं. रस्त्याकडची खिडकी आणि अंगणाकडची खिडकी दोन्ही सताड उघडायच्या, आणि झाकणाच्या जाळीवर एक छोटा पंखा. पहाटे कामावर जाताना त्याने तसं केलं आणि खुशीत गेला. दुपारी येऊन बघतो तर खिडक्या बंद, पंखा बंद, आणि जाळीवर आजींनी स्वतः विणलेला लेसचा रुमाल. पाणी पंचवीस.

"आई, खिडक्या कुणी लावल्या?"

"मी. घरात आरपार वारा सोडून निघून गेलास. आम्हाला मारायचं होतं का?"

एका खिडकीतून येऊन दुसरीतून जाणारा वारा हा आमच्याकडे खुनी समजला जातो. मान धरते ती त्याने, कान वाहतो तो त्याने, तोंड वाकडं होतं ते त्याने. आमच्या गावात लढाईपेक्षा वाऱ्याने जास्त माणसं नेली, असं छातीवर हात ठेवून सांगणारे आहेत, आणि त्यांत एक डॉक्टरही आहे.

"आई, ते पाणी गार व्हायला हवं."

"पाण्याला मान नाही. मला आहे. आणि तुझ्या त्या पाणपालींनाही असेलच की."

"न्यूटना गारच लागतं हो."

"गार आणि वारा ह्यांत फरक आहे, जावईबापू. थडग्यातही गारच असतं."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याने खिडकीच्या कडीला तार बांधली, आजींनी ती चाकूने सोडवली. चौथ्या दिवशी त्याने देसांकाला राखण करायला सांगितलं. देसांकाने खिडकी उघडी ठेवली, पण स्वतः स्वयंपाकघराचं दार लावून बसली, आणि आजींना रान मोकळं मिळालं.

आणि खरी मेख पुढेच आहे. शनिवारी सुट्टी होती म्हणून तोझा स्वतः टाकीपाशी पहाऱ्याला बसला. दोन्ही खिडक्या उघड्या, पंखा भिरभिरतोय, पारा हळूहळू खाली येतोय. शेजारची विदोसावा खिडकीतून डोकावली. बघते तर तोझा घामाने निथळतोय आणि गळ्याला लोकरीचा जाड मफलर.

"तोझा, बरं नाही का?"

"बरं आहे."

"मग हे काय?"

"वारा आहे ना," तोझा म्हणाला.

म्हणजे सासूबाईंशी त्याला नीट भांडताही येत नव्हतं. त्या चुकतायत असं म्हणायला त्याची जीभ रेटेना, कारण त्याच्या मते त्या बरोबरच होत्या. संध्याकाळी मफलर असूनही त्याची मान धरली. आजींनी गरम गरम राकिया, म्हणजे घरची फळांची दारू, चोळली आणि चोळताना एक शब्द बोलल्या नाहीत. ते न बोलणं त्याला दुखण्याहून जास्त लागलं.

रविवारी टाकी एकोणीसवर होती. तोझाने थर्मामीटरची शपथ घ्यायचीच बाकी ठेवली. वाकडी मान घेऊन तो पेर्सिदाबाईंना आणायला गाडीने अपातिनला गेला. तिथे त्यांनी कॉफी पाजल्याशिवाय उठू दिलं नाही, मग दुकान बंद करायला वेळ लावला, मग वाटेत बहिणीकडे टोमॅटो द्यायला थांबल्या. तोझा आतल्या आत उकळत होता. घरी पोचला तर ऊन थेट बैठकीत, खिडक्या बंद, पंखा बंद.

त्याने धावत जाऊन दोन्ही खिडक्या उघडल्या. दारातच पेर्सिदाबाईंनी मानेवर हात ठेवला.

"ती एक खिडकी लाव, बाबा. मला अजून जगायचंय."

आजींचा चेहरा खुलला. "या, या, इकडे बसा, इथे वारा लागत नाही. ह्याला किती सांगितलं."

"ह्या पुरुषांना कळतच नाही. माझे यजमान असेच गेले."

"वाऱ्याने?"

"नाही, ट्रॅक्टरखाली. पण आधी वाऱ्याने मान धरली होती, म्हणून मागे बघता आलं नाही."

कॉफी झाली, चमचाभर गुलाबाचा मुरंबा झाला, त्यावर पाणी झालं, आजींनी दुसरी कॉफी मांडली. तोझा एकदा घड्याळाकडे बघे, एकदा टाकीकडे. अखेर पेर्सिदाबाई उठल्या, पिशवीतून स्वतःचा थर्मामीटर काढून पाण्यात बुडवला. तेवीस.

"सकाळी एकोणीस होतं," तोझा म्हणाला. "देवाशपथ. देसांका, सांग ना."

"मी नाही बघितलं," देसांका म्हणाली.

"सकाळच्या पाण्यात दुपारी कोण राहणार? वाईट वाटतं, तोझा, पण मी नोवी सादला फोन करते."

तोझा खुर्चीवर बसला. एवढा मोठा माणूस, मिश्या खाली आल्या. टाकीतला स्पंज पुन्हा सुटला होता तो हात घालून बांधायला लागला. ते बघून पेर्सिदाबाईंना कसंसंच झालं असावं. हात धुवायचं निमित्त करून त्या आत गेल्या आणि आजींच्या खोलीपाशी थबकल्या. खोली उत्तरेची, जुन्या विटांच्या भिंती हातभर जाड, खिडकीबाहेर बोजोशचं दाट झाड. जमिनीवर आजींच्या कुंड्यांसाठी भरून ठेवलेली झारी होती. बाईंनी थर्मामीटर झारीत घातला. एकोणीस.

"टाकी इथे ठेवा," त्या म्हणाल्या.

"माझ्या खोलीत? पाली?" आजी उठल्याच.

"त्यांना तुमच्यासारखंच लागतं, आजी. ऊन नको, गडबड नको, वारा तर नकोच."

हे ऐकून आजी परत बसल्या. मग अटी आल्या. घरात दोन खिडक्या पुन्हा कधी एकदम उघडायच्या नाहीत. पंखा माळ्यावर. जेवणानंतर आणि मालिकेच्या वेळी खोलीत कुणी यायचं नाही. आणि खायला त्या स्वतः घालणार, कारण ह्याच्या हाताला गुण नाही.

"आई, पण न्यूट माझे आहेत."

"मग घेऊन जा ना बैठकीत."

तोझाने सगळं कबूल केलं. टाकी अर्धी उपसून ओसरीतून आत नेली, वाळू ढवळून पुन्हा आमटी झाली, ती बसायला आठवडा गेला. मग चार लाल पोटं आली. देसांका सांगते की आजी त्यांना गांडूळ चिमट्याने भरवतात आणि शिव्याही देतात, चारही जणांना वेगवेगळ्या.

परवा दुपारी तोझा कामावरून आला, हात धुतले, आणि सासूबाईंच्या दारावर हळूच टकटक केली.

"कोण?"

"मी, आई. जरा बघू का त्यांना?"

"झोपलेत."

"कोण झोपलेत?"

"सगळे. पाच वाजता ये."

तोझा चपलांच्या कपाटावर बसला आणि पाच वाजायची वाट बघू लागला.