रंग चांगला आहे

आमच्या आत्याचा मला आजही राग येतो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार. बाबांची ही विधवा बहीण सेलूला आमच्याकडंच राहायची आणि घर तिच्याच मुठीत होतं. पोरीच्या जातीचं अंग भरलेलं असावं अन् रंग उजळ असावा, की झालं, एवढंच तिला कळायचं. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, तिच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं. मी चौदाव्या वर्षी चांगली गुबगुबीत होते. बाबांचं किराण्याचं दुकान, त्यामुळं तूप, गूळ, शेव कशालाच तोटा नव्हता. पालेभाजी मात्र मजुरांचं खाणं म्हणून आत्या घरात येऊ द्यायची नाही.

त्या वर्षी माझा रंग फिका पडू लागला. शाळेच्या चार पायऱ्या चढले की धाप लागायची, घागर उचलली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. आई घाबरली, आत्या खूश झाली. पोरगी उजळून राह्यली म्हणून शेजारणींना कौतुकानं सांगायची. आणि मी जरा टेकलेली दिसले की खायला काळ अन् भुईला भार, हेही तिचंच.

एक दिवस मी वर्गातच चक्कर येऊन पडले. बाबांनी वर्ध्याच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी पापणी ओढून पाहिली आणि अंगात रक्तच नाही म्हणाले. वजन वेगळं, रक्त वेगळं, असं बाबांना समजावून त्यांनी लोहाचं औषध दिलं. आत्याला काही ते पटेना. एवढी म्हशीसारखी पोर, मग रक्त गेलं कुठं, असं तिचं म्हणणं.

औषधानं दात काळे पडले. नेमके तेव्हाच हिंगणीहून मला पाहायला पाहुणे येणार होते. आत्यानं अख्खी बाटली मोरीत ओतली आणि राखेनं माझे दात घासून घासून हिरड्या सोलल्या. मला मॅट्रिक व्हायचं होतं. लग्न ठरलं की शाळा सुटली, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मुलाच्या आईनं हनुवटी धरून माझं तोंड दाराच्या उजेडाकडं वळवलं.

"खात्यापित्या घरची दिसते," ती म्हणाली. "रंगही चांगला आहे."

माझं टाळकंच सरकलं. मी म्हटलं, "हा रंग नाई. माह्या अंगात रक्त नाई. डॉक्टरनं औषध देल्लं होतं, ते आत्यानं मोरीत ओतलं."

पाहुणे चहा न घेताच उठले. आत्यानं त्यांच्यादेखत माझ्या थोबाडीत मारली. बाबांनी मात्र दुसऱ्या दिवशी वर्ध्याहून नवी बाटली आणून आईच्या हातात दिली. पोरगी आजारी आहे, ही बातमी तालुकाभर झाली आणि तीन वर्षं आमच्या दारात एकही स्थळ फिरकलं नाही. आत्या त्यासाठी मला मरेपर्यंत शिव्या देत राहिली. मी तेवढ्यात मॅट्रिक झाले.