नुसती मान हलवली म्हणून

मान हलवायला मी कधी शिकले ते आठवत नाही. लहानपणी ताप मेंदूत गेला आणि कान गेले, त्यानंतर कधीतरी. समोरचा माणूस बोलायचा थांबून आपल्याकडे बघायला लागला की मान हलवायची. सगळे हसले की आपणही हसायचं. "काय म्हणालात?" असं पुन्हा विचारलं की लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि ओठ नाही वाचता आले तरी आठ्या मला बरोब्बर वाचता येतात.

बनशंकरी भागातल्या घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी लेक. नवरा माझ्यासारखाच बहिरा होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. लेकीला मात्र ऐकू येतं. पण ती तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागली, दूध मागितलं तेही हातांनीच. गॅसवाला, डॉक्टर, बँक, सगळीकडे ती मला खुणांनी सांगत आली. इंदिरानगरला माझ्या ऑफिसात लोक मला टाइप करून दाखवतात, ते तरी बरं. नात्यातल्या माणसांना मात्र टाइप करायचा भारी कंटाळा. त्यांचं एकच ठरलेलं, "मग सांगते." हे "मग" आजवर कुणाला सापडलेलं नाही.

तर लेकीचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, चांगला आहे, घरची मंडळी पुण्याची. बोलणी करायला ते आमच्याकडे आले. माझ्या बाजूने माझा मोठा भाऊ, म्हणजे अण्णा, आणि वहिनी. सगळं रीतसर व्हायला हवं, ही अण्णाची हौस. आणि रीत काय? बोलणी चालू असताना नवऱ्या मुलीने तिथे बसायचं नाही, आतल्या खोलीत बसायचं! म्हणजे ह्या घरात माझे कान असलेली एकुलती एक व्यक्ती दाराआड. हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही, मी उपमा नीट झालाय का ह्याच काळजीत होते.

मंडळी खिडकीकडे पाठ करून बसली, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे काळोखात. होणाऱ्या व्याह्यांच्या मिशा ओठांवर आलेल्या. विहीणबाई मराठीतून इंग्रजीत कधी जात आणि परत कधी येत, काही पत्ता लागत नव्हता. मी ह्याच्याकडे बघेपर्यंत तो बोलून मोकळा, तिच्याकडे वळेपर्यंत सगळे हसून मोकळे. मी वहिनीचा गुडघा हलवला. ती म्हणाली, "मग सांगते." एकदा मात्र सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. विहीणबाई काहीतरी अगदी प्रेमाने विचारत होत्या. वाटलं, उपमा अजून वाढू का म्हणतायत, किंवा घर छान आहे म्हणतायत. मी हसले आणि मान हलवली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान! वहिनीने लगेच साखर वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक माझ्याकडे बघेना. ऐकणाऱ्यांच्या घरात लोक अबोला धरतात, आमच्या घरात नजर फिरवतात. मी हात हलवत राहायचं आणि तिने कॉफीच्या लोट्यात बघत बसायचं. शेवटी मी तिची हनुवटी धरून तोंड वळवलं. डोळे लाल.

तिचे हात रागाने चालले होते. "तुला माझं कन्यादान करायचं नव्हतं तर मला सांगायचंस. सगळ्यांसमोर हसत हसत मामाला देऊन टाकलंस?"

मला काही कळेचना. मग तिने सगळं सांगितलं. गुरुजींच्या मागून म्हणावं लागतं, ते मला ऐकू येणार नाही, तेव्हा कन्यादान मामा-मामींनीच करावं, असं अण्णाने सुचवलं होतं. विधवा म्हणून नव्हे हं, आम्ही तसले नाही, असंही वर सांगितलं होतं. विहीणबाईंनी मला विचारलं, चालेल ना तुम्हाला? आणि मी? मी हसून मान हलवली!

असा संताप आला म्हणता! माझी एकुलती एक पोर. तापात रात्रभर हात तिच्या छातीवर ठेवून झोपले, कारण रडली तर मला ऐकू येणार नव्हतं. तिला मांडवात दुसऱ्याच्या हातांनी द्यायचं? आणि तिला वाटतंय, मीच नको म्हणाले!

तशीच चप्पल घालून अण्णाकडे गेले, दोन गल्ल्या पलीकडे. अण्णाचे ओठ मला वाचता येतात, सावकाश बोलला तर. पण तो कपाटात तोंड खुपसून बोलत होता. मी भिंतीवरचं बटण दाबून ट्यूबलाइट चालू-बंद, चालू-बंद केली. आमच्यात हाक अशीच मारतात.

"अगं, ट्यूब जाईल!" अण्णा वळला.

"जाऊ दे!" मी तोंडाने म्हटलं. माझा आवाज फुटका येतो म्हणतात, म्हणून बाहेर मी बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "कन्यादान मी करणार."

"तूच तर हो म्हणालीस. मी त्यांना शब्द दिलाय आता."

"तू दिलास. मी नुसती मान हलवली!"

"तुला त्रास नको म्हणून गं," वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरले. हेच तर अवघड आहे. कुणी दुष्ट असतं तर भांडून मोकळी झाले असते. ही सगळी प्रेमाची माणसं, आणि प्रेमानेच मला प्रत्येक गोष्टीतून उचलून बाजूला ठेवतात.

पुन्हा बोलणी लावा, मी म्हटलं, आणि पोरगी मध्ये बसेल. असं कुठे असतं का, म्हणून अण्णाने डोक्याला हात लावला. पण लावावी लागली. ह्या वेळी आम्ही पुण्याला त्यांच्या घरी गेलो आणि लेक माझ्यासमोर उजेडात बसली. तिने एक शब्द सोडला नाही. "मामी म्हणतेय, हळू सांगा, चिडेल ती," हेसुद्धा सांगितलं. वहिनीचा चेहरा बघण्यासारखा झाला. विहीणबाई ओशाळल्या. म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, तुम्हालाच नकोय." मी म्हटलं, मला हवंय, फक्त मला काय विचारताय ते मला कळू दे. सरी, सरी, अण्णा कानडीत बरं बरं म्हणाला, घे बाई तुझं कन्यादान.

लग्न देवनहळ्ळीच्या एका हॉलमध्ये झालं. नवरी तर खुणा करत बसू शकत नाही, म्हणून एका दुभाषी बाईंना बोलावलं होतं. त्या गुरुजींच्या शेजारी उभ्या राहिल्या. फोटोवाला सारखा, अक्का, स्वल्प बाजूला व्हा, फोटोत येताय. दोनदा हटवलंन त्यांना, दोनदा मी परत आणलं. मुंडावळ्या बांधलेली लेक त्याच्यावर डोळे वटारत होती.

मी मनाशी ठरवलं होतं. गुरुजी विचारतील तेव्हा सगळ्या मांडवासमोर माझ्या भाषेत, माझ्या हातांनी सांगायचं, ही माझी मुलगी, मी देते. आरशासमोर तयारीही केली होती.

खाली काशाचं भांडं, वर जावयाची ओंजळ, त्यावर लेकीची, त्यावर माझी. वहिनी तांब्यातून संथ धार सोडत होती. पाणी माझ्या ओंजळीतून तिच्या ओंजळीत पडत होतं. गुरुजींचे ओठ हलले. दुभाषी बाईंनी खुणेने सांगितलं, "मुलगी दिली, असं म्हणा."

आणि माझे हात भरलेले! ओंजळ सोडली तर धार तुटते. तोंडाने म्हणावं तर तो फुटका आवाज मला मांडवात काढायचा नव्हता. अण्णा बघतोय, विहीणबाई बघतायत, सगळा हॉल थांबलाय. लेकीने वर पाहिलं. तिचेही हात अडकलेले, तिलाही काही सांगता येत नव्हतं.

मी मान हलवली. ह्या वेळी मला काय विचारलंय ते ठाऊक होतं.