ताईला लबाडी करता यावी म्हणून

कबूल करते, मला वाटलं होतं मनमोहन भावजींच्या अंगात आलंय. हसा, मीही आता हसते. पण त्या दिवशी माझी पाचावर धारण बसली होती.

आमची गिरगावातली जुनी बिल्डिंग. त्यांची खोली माझ्या स्वयंपाकघराच्या समोर, मध्ये फक्त चौक. रविवारी सकाळी मी कोथिंबीर निवडत होते. समोर बघते तर काय, सत्तरीचा माणूस डोळ्यांवर काळा डबा बांधून जमिनीवर मांडी घालून बसलाय, रिकामी मूठ हवेत खुळखुळवतोय, खाली टाकतोय आणि ओरडतोय, "मेली! मेली!"

मी देव्हाऱ्यातला अंगारा घेतला आणि चपला न घालता धावले. कपाळ डब्याखाली झाकलेलं, म्हणून टकलावरच फासला. केवढ्यांदा किंचाळले भावजी!

"कोण? कोण आहे?"

"मी आहे. घाबरू नका, भावजी. तुम्हाला झपाटलंय."

त्यांनी डबा वर केला, टक्कल पुसलं आणि माझ्याकडे असं बघितलं की झपाटलेली मीच. "वहिनी, मी ताईची सोंगटी मारत होतो. ट्रायल चाललीये."

मग कळलं ते असं. हे मनमोहन आगासकर, आमच्या बिल्डिंगमधलं एकच परभू घर. लोअर परळच्या एका मिलमध्ये साडीच्या काठांची डिझाइनं काढायचे. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवून मोर उभा करायचे. मिल बंद पडली तेव्हा चाळिशी आली होती. रडत बसले नाहीत. दादरला क्लास लावला, विशीतल्या पोरांमध्ये बसून कॉम्प्युटर शिकले आणि नंतर वीस वर्षं मिठाईच्या खोक्यांवरची चित्रं काढली. लग्न केलं नाही. सख्खं माणूस एकच, मोठी बहीण वासंतीताई.

ताई दादरला राहायच्या. दर रविवारी कोळंबी घातलेल्या भानोल्याचा डबा घेऊन यायच्या आणि दोघं भावंडं चल्लस-आठ मांडायची. जमिनीवर खडूने पंचवीस घरं, सोंगट्यांच्या जागी शर्टाची बटणं आणि चार अर्धे चिंचोके. जितके पांढरे पडतील तितकी घरं पुढे. चारही काळे पडले तर आठ. आणि भांडण! चौकातली कबुतरं उडायची हो. "तू चोरलंस घर!" "तू आंधळा आहेस!" पन्नास वर्षं हेच.

ताईंचे यजमान गेले आणि मुलगा सिद्धांत त्यांना मेलबर्नला घेऊन गेला. गुडघे असे की आता विमानात बसणं नाही. मग उरला फोन. "जेवलास?" "जेवलो." "गोळ्या?" "घेतल्या." झालं.

"माझ्याशी पाहुण्यासारखं बोलते ती, वहिनी," भावजी मला म्हणाले. "भांडली नाही ना, तर ती हळूहळू जाईल माझ्या हातातून."

म्हणून हा खटाटोप. इंटरनेटवर एक जग आहे म्हणे. तिथे आपली एक बाहुली असते. ती आपल्याच आवाजात बोलते, हात हलवला की हात हलवते, आणि तिथे आपण घरसुद्धा बांधू शकतो. भावजींनी तिथे आमच्या बिल्डिंगची गॅलरी बांधली. कठडा, लाद्या, माझी वाळत घातलेली नऊवारीसुद्धा! कुणाला विचारून? ते जाऊ दे. सिद्धांतने दोघांना ते डोळ्यांवर बांधायचे डबे पाठवलेले, बाकी सगळं भावजी एकट्याने शिकले. कुठे अडलं तर तिथेच भेटलेल्या ब्राझीलच्या एका बाईला "रिस्पेक्टेड मॅडम" असं मिलच्या इंग्रजीत पत्र लिहायचे. ती बिचारी तितक्याच आदराने उत्तर द्यायची.

पहिला डाव मी लॅपटॉपवर बघितला. काय सुंदर! चिंचोके टाकले की पांढरे किती ते आपोआप मोजलं जायचं, सोंगटी आपोआप तितकी घरं चालायची. ताई दोन डाव खेळल्या आणि म्हणाल्या, "छान केलंयस हो मनू. मेहनत घेतलीस."

भावजींचा चेहरा पडला. ताई आयुष्यात त्यांना "छान" म्हणाल्या नव्हत्या. पुढच्या रविवारी ताईंचे डोळे दुखत होते. त्याच्या पुढच्या रविवारी मान. तिसऱ्या रविवारी फोनच उचलला नाही.

भावजी जेवेनात. मी म्हटलं, चला, मी खेळते तुमच्याशी, खऱ्या जमिनीवर. खडूने घरं आखली. मला तीन पडले. भावजी खिडकीकडे बघत होते, मी आपलं बटण अलगद चार घरं पुढे सरकवलं. तोच त्यांनी माझं मनगट पकडलं!

"हेच!" भावजी ओरडले. "वहिनी, हेच!"

"अहो, चुकून सरकलं..."

"सरकू दे! मशीन तिला सरकवूच देत नाही! ताई जन्मात सरळ खेळली नाहीये. मी तिला प्रामाणिक करून टाकलं!"

आता तुम्ही सांगा, अख्खी दुनिया कॉम्प्युटरला चोऱ्या पकडायला शिकवते. हा एकच माणूस, एवढ्या मेहनतीने केलेलं सगळं मोडत बसला, का तर बहिणीला लबाडी करता यावी. महिनाभर लागला. मोजणारं यंत्र काढलं. सोंगटी हाताने उचलायची, हवी तिथे ठेवायची, कुणी बोलणार नाही असं केलं. तपासायला मी होतेच. आठवडाभर मी जीव तोडून चोऱ्या केल्या. एवढी मजा मला लग्नानंतर आली नव्हती.

मग ताईंना विनवून आणलं. रविवार, आपल्याकडे दुपारचे बारा. मी लॅपटॉपसमोर, भावजी डबा बांधून जमिनीवर. ताई थंडच होत्या. टाकत होत्या, चालत होत्या, "बरं", "हं". चार-पाच चाली झाल्या. मग ताईंच्या बाहुलीने सोंगटी उचलली, क्षणभर थांबली आणि भावजींच्या सोंगटीवर दणकन ठेवली.

"मेली!" ताई म्हणाल्या. आवाज अगदी दादरचा. चिंचोके भावजींकडे सरकवलेसुद्धा.

"थांब. तीन पडले होते. तू चार घरं गेलीस."

"चारच पडले होते. डोळे तपास जा."

"चोरटी!"

"कुणाला चोरटी म्हणतोस? तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे मी! विचार तुझ्या त्या मशीनला!"

"मशीन बघत नाही. मी बघतो. तीन होते."

"वहिनी तिथे आहे ना? वहिनी, तूच सांग, किती होते?"

मी? मी पदर तोंडात कोंबून बसले होते. काय सांगणार कपाळ!

"वहिनीला मध्ये घेऊ नकोस," भावजी म्हणाले. "चार पडले की पुन्हा टाकायला मिळतं ना?"

"मिळतं. मग?"

"मग तू चिंचोके माझ्याकडे का सरकवलेस?"

मग ताईंच्या बाहुलीचा हात पुढे आला आणि सोंगटी एक घर मागे गेली.

"मेल्या, लहानपणापासून असाच आहेस तू," ताई म्हणाल्या. "टाक आता, बघतोस काय?"