डेकवरची निरगाठ

कमलाकांत त्रिलोकेकरांनी आयुष्यात एक वस्तू हरवली नाही. विमा कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी रेकॉर्ड सांभाळलं. प्रत्येक गठ्ठा स्वतः बांधला, तोही निरगाठ मारून. सुरगाठ मारणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वासच बसत नसे. अशा माणसाने बासष्टाव्या वर्षी समुद्रात कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती होडी घालावी, हे खूळ त्यांच्या मुलीचं, ऋग्वेदाचं. ती गिरगाव चौपाटीवर लोकांना कयाक शिकवायची. निवृत्त बाप घरात सगळ्यांच्या मागे लागतो म्हणून तिने त्यांनाही होडीत बसवलं.

तिचा एकच कडक नियम होता. होडीच्या डेकवर, म्हणजे बसणाऱ्याच्या पुढ्यातल्या भागावर, रबरी दोऱ्या ताणलेल्या असतात. जादाचं वल्हं त्यांच्याखाली नुसतं सरकवायचं, एका हिसक्यात हातात आलं पाहिजे. "बाबा, बांधायचं नाही हं," ती दर वेळी बजावायची आणि कमलाकांत मान डोलवायचे. पण रबराच्या भरवशावर समुद्रात जायचं, हे काही त्यांच्या मनाला पटेना. त्या रविवारी सकाळी ती पाठमोरी होताच त्यांनी खिशातून नायलॉनची दोरी काढली आणि आपल्या होडीवरच्या, दोघांत मिळून एकच असलेल्या जादाच्या वल्ह्याला दोन्हीकडून निरगाठी मारल्या. मग त्यांना फार बरं वाटलं.

वाळकेश्वरच्या खडकांच्या अलीकडून वळून परतायचं, एवढाच बेत. पण वारा अचानक वाढला आणि एका आडव्या लाटेने ऋग्वेदाची होडी उलटली. पोरगी तयारीची. बापाने होडी धरून ठेवली, ती पुन्हा चढून बसली. वल्हं मात्र गेलं. ते हेलकावत खडकांकडे निघालं होतं, आणि वल्ह्यावाचून तिची होडीही त्याच वाटेने चालली होती.

"बाबा, जादाचं दे."

कमलाकांतांनी गाठीला हात घातला. भिजून ती अशी आवळली होती की नख शिरेना.

"बांधलंस तू?" ऋग्वेदाने विचारलं. तिने आवाज चढवला नाही, तेच त्यांना जास्त लागलं.

दर लाटेसरशी दोन्ही होड्या खडकांकडे सरकत होत्या. पाणी आपटल्याचा आवाज आता पोटात जाणवत होता. कमलाकांतांनी वाकून गाठीला दात लावले. तोंडात खारट पाणी गेलं, हिरडीतून रक्त आलं, गाठ जागची हलली नाही. ऋग्वेदा ओरडत होती. त्यांनी दुसरी गाठ धरली. तीही तशीच. मान वर केली तेव्हा खडकांवरची कालवं दिसण्याइतके ते जवळ आले होते.

तेव्हा कुठे त्यांनी आपल्या हातातलं वल्हं तिच्याकडे केलं. दोघांना ओढून न्यायचं बळ त्यांच्या खांद्यांत नव्हतं, तिच्यात होतं. त्यांनी तिच्या होडीची मागची कडी दोन्ही हातांनी धरली आणि ती वल्हवू लागली. सुरुवातीला होड्या जागच्या हलेनात. एकदा लाटेने त्यांचा उजवा हात सुटला. डाव्या हातावर खांदा उखडेल की काय असा ताण आला, पण कडी त्यांनी सोडली नाही. आपल्याच हाताने आपण पोरीला मारत होतो, हे त्यांना तिच्या पाठीकडे बघताना कळलं. भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

चौपाटीच्या वाळूवर दोघं बराच वेळ धापा टाकत बसली.

"मी किती वेळ ओरडत होते, गाठीचा नाद सोड, तुझ्या हातातलंच वल्हं दे म्हणून," ऋग्वेदा म्हणाली. "वाऱ्यात ऐकू आलं नसेल तुला."

होय म्हणणं सोपं होतं. तिनेच वाट करून दिली होती.

"पहिल्या हाकेलाच ऐकू आलं होतं," कमलाकांत म्हणाले.

"मग?"

"गाठ माझी होती गं. ती सुटेल असं वाटत होतं."

ऋग्वेदा उठली आणि बापाची होडी तिथेच ठेवून फक्त आपली ओढत वर घेऊन गेली.