काळी कॉफी आणि वन्सं

ती कॉफीच्या कारखान्यात बिया भाजायच्या भट्टीवर होती, अठ्ठावीस वर्षं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. चिमट्यातले बारीक स्क्रू त्याच्या हातून निसटायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं.

थोरल्या नणंदेचं आणि तिचं पहिल्यापासून वाकडं. आता निमित्तच मिळालं. एका सकाळी नणंदेने वर्तमानपत्राचं कात्रण टेबलावर आपटलं.

"वाच. कॉफी पिणाऱ्यांना हा आजार कमी होतो. जगाला पाजलीस, माझ्या भावाला कपभर दिली नाहीस."

"वन्सं, त्यांना कॉफीचा वाससुद्धा सहन होत नाही."

"कारणं सांगू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून नणंद थर्मास घेऊन यायला लागली. रोज तीन कप, काळीकुट्ट. बहिणीच्या धाकाने तो गिळायचा. चार दिवसांत त्याची झोप उडाली, हात जास्तच थरथरायला लागला. पाचव्या दिवशी तिने नणंदेच्या देखत थर्मास मोरीत रिकामा केला.

"तू त्याच्या मुळावर उठली आहेस," नणंद म्हणाली.

"चला डॉक्टरांकडे. तिथे बोला."

दवाखान्यात दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या, मध्ये तो. डॉक्टरांनी कात्रण वाचलं.

"कॉफी पिणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो, हे खरं. पण तो कॉफीमुळेच कमी होतो, असं छातीठोक सांगता येत नाही. मेंदूत काही प्रथिनांच्या गुठळ्या होतात. कडक भाजलेल्या कॉफीतली कडू द्रव्यं त्या होऊ देत नाहीत, असं परीक्षानळीत दिसलंय. माणसात अजून सिद्ध व्हायचंय. आणि झालेला आजार कॉफीने जात नाही."

"आधीपासून दिली असती तर?" नणंदेने विचारलं.

"ते कुणीच सांगू शकणार नाही."

नणंद भावजयीकडे वळली. "बघ. नाही म्हणाले नाहीत ते."

तेवढ्यात तो बोलला. "ताई, लग्नानंतर हिने मला कॉफी विचारली होती. मी नको म्हणालो. तू तर विचारलंही नाहीस, सरळ ओतलीस."

नणंद उठून गेली. त्यानंतर तिने घरात पाय ठेवला नाही. भावजय कारखान्यात गेली की ती भावाला फोन करायची.

बायकोला ते माहीत होतं. तिने कधी विषय काढला नाही. नणंदेला माफ केलं होतं असं नाही. फोन आला की त्याला बरं वाटायचं, म्हणून. 'आधीपासून दिली असती तर' हे मात्र तिच्या डोक्यातून गेलं नाही, आणि तो प्रश्न डोक्यात घातला म्हणून तिने नणंदेचं तोंड पुन्हा कधी पाहिलं नाही.