बिब्ब्याचे तीन ठिपके

आसगावात कलाबाईंनी नातीच्या आंघोळीचं पाणी चुलीवर ठेवलं होतं. सून रिता हर्षीला पदराखाली घेऊन बसली होती. कडी वाजली. दूधवाली बेबीबाई असेल, असं म्हणत कलाबाईंनी दार उघडलं, तर समोर पोलीस, सोबत एक बाई शिपाई. पाणी चुलीवर उकळतच राहिलं. रिताला ठाण्यात नेलं आणि चार महिन्यांच्या हर्षीला भंडाऱ्याच्या बालगृहात.

कलाबाईंच्या हाताला गुण आहे, असं गाव मानायचं. कोणाचं लेकरू पोट धरून रडलं की त्यांना बोलावणं यायचं. सुईवर बिब्बा खोचायचा, दिव्यावर धरायचा आणि सुटलेल्या तेलाचे ठिपके बेंबीभोवती द्यायचे. मुलगा भुपेंद्रच्या पोटावर अजून तसे डाग आहेत. रिताला मात्र हे पटत नसे. "आत्याबाई, दवाखान्यात नेऊ," म्हणायची. म्हणून हर्षी पोटदुखीने रडायला लागली तेव्हा, रिता तळ्यावर धुणं घेऊन गेल्याचं पाहून कलाबाईंनी तिला तीन ठिपके देऊन टाकले होते.

कातडी कोवळी. फोड आले, चिघळले. रिता पोरीला घेऊन धावली. डॉक्टरांनी विचारलं, हे कोणी केलं? चारचौघांत सासूचं नाव कसं घ्यावं, म्हणून ती मान खाली घालून गप्प राहिली. कागदावर आलं : बिडीचे चटके, आणि दवाखान्याने पोलिसांना कळवलं. तिचं गप्प राहणंच तिच्यावर उलटलं.

कलाबाईंनी ठाण्यात जाऊन खरं सांगितलं, तर जमादार हसला. "सुनेसाठी जेलात जाले तयार असलेली सासू पहिल्यांदाच पाहून राहिलो, माय." पुढे दुसऱ्या, कातडीच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, की बिब्ब्यानेही अशी जखम होऊ शकते, पण आता ती भरत आल्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. दोन डॉक्टर, दोन मतं. रिताला जामीन मिळाला. पोरीला भेटायची मात्र मनाई.

केस कोर्टात चालू राहिली. पोर कोणाजवळ राहील, हे ठरवायला बालकल्याण समितीने सगळ्यांना बोलावलं. भुपेंद्रने शर्ट वर करून पोटावरचे डाग दाखवले. तुमच्या डागांवरून मुलीच्या डागांचं कसं ठरवायचं, असं समितीच्या बाई म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता. भुपेंद्रने शर्ट खाली ओढला. रिता भिंतीशी उभी होती. छातीशी ब्लाउज ओला झालेला, त्यावर पदर दाबून धरलेला. रोज दूध पिळून मोरीत टाकायची ती, आणि तेही आता कमी होत चाललं होतं.

निकाल लागेपर्यंत मुलगी बालगृहातच राहील, असं बाईंनी सांगितलं. अजून काही म्हणायचं आहे का, असंही विचारलं.

कलाबाई उठल्या. भांडायचं, रडायचं असं बरंच ठरवून आल्या होत्या.

"बिब्बा मीच लावला, बाई. खरं-खोटं तुमी पाहा, मले काय व्हायचं ते होऊ द्या. पोरगी तुमच्याजवळच राहू द्या. फक्त दिवसातून एक डाव, तुमच्या डोळ्यांपुढं, तिच्या मायले तिले दूध पाजू द्या."